जास्तीचा अंक

सासूबाईंची नजर गेली, तेव्हा सून हट्टालाच पेटली. त्यांना स्वतःच्या हाताने लावता येईल असा फोन ती घरीच बनवणार होती. तळहाताएवढा कम्प्युटर बोर्ड, त्याला जोडलेली मोठी बटणं आणि छोटा स्पीकर.

सासूबाईंनी लेकीचा नंबर दाबला. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, त्यामुळे त्या नुसत्या सुरावरून अंक ओळखायच्या.

“शेवटी सात कुणी दाबला गं? माझे हात तर मांडीवर आहेत.”

“वायर सैल असेल, आई. आत्ता मोडते त्याची खोड.”

तिने प्रत्येक जोडाला पुन्हा डाग दिला, प्रोग्राम नव्याने लिहिला. लेकीचा नंबर झाला आणि पाठोपाठ परत सात. मग दोन.

“आज सोडतच नाही याला,” म्हणत तिने बटणांची वायर उपटली. स्पीकर वाजतच राहिला.

“पाच,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “अगं, सात-दोन-पाच, ही तर आपल्याच घरच्या नंबरची सुरुवात. तो लावतोय कुणीतरी.”

सुनेने बोर्डाचा प्लग काढला. आवाज थांबला.

“गप्प झालं एकदाचं,” सासूबाईंनी सुस्कारा सोडला.

सून बटणांवर वाकली होती. तिने एक बटण नखाने वर उचलून धरलं होतं, आणि कुणीतरी ते खाली दाबत होतं, तिच्यापेक्षा जास्त जोराने.