शेवटची मूठ

शेवंताने नवऱ्याच्या काखेतली ओली पुरचुंडी काढून हुंगली. खरबुजाच्या बियांना अजून कुजका वास नव्हता. मोडही नव्हते. तिने ती परत त्याच्या काखेत ठेवली.

ऊन कमी व्हावं म्हणून विमानांनी आकाशात पांढरी पूड पसरली, त्याला सोळा वर्षं झाली होती. तेव्हापासून नदीच्या वाळूत चैत्रातही बी रुजत नव्हतं. आधी माणसाच्या अंगावर उबवावं लागे. घरात सगळ्यात गरम अंग सध्या केरबाचं होतं. तीन दिवस ताप होता.

"गोळी घ्या आता," शेवंता म्हणाली.

"मोड येऊ देत आधी," केरबा डोळे न उघडता म्हणाला. "शेवटची मूठ आहे ही."

वाद घालायला तिच्यात त्राण नव्हतं. तिने चहा केला आणि पाठमोरी होऊन त्यात गोळी चुरली.

तासाभराने त्याला घाम फुटला. त्याने पुरचुंडी चाचपली. "गरम आहे ना गं अजून?"

"आहे की. झोपा."

तो झोपल्यावर तिने पुरचुंडी अलगद काढून स्वतःच्या पोटाशी बांधली आणि भिंतीला टेकून बसली. आधीच्या दोन मुठी तिथंच कुजल्या होत्या.