टेपवाला पाय

न ताणल्या जाणाऱ्या पांढऱ्या टेपचा एक रोल. गुण बावीस-बावीस. उमरीत मुरगळलेले पाय चोळून देणारी खातूनबी.

जळकोटला कबड्डीची फायनल, शेवटची चढाई. जळकोटची शिवांगी आत शिरली. तिच्या डाव्या घोट्याला टेप घट्ट गुंडाळलेली. उमरीची कर्णधार जिक्रा ओरडली, "उजमा, टेपवालाच पाय धर गं! ढिला हाय तो!"

हे ऐकून शिवांगीचे कोच भुजंग सर गालातल्या गालात हसले.

उजमा खातूनबीची लेक. दुखऱ्या पायाला हात लागला की माणूस कसं कळवळतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. डावा पाय अगदी हाताशी आला, तो तिनं जाऊ दिला आणि उजवा घोटा धरला. शिवांगी किंचाळून कोसळली. उमरी एका गुणानं जिंकली.

उजमा तिच्याजवळ वाकली. "लई लागलं का गं? खुदाकसम, टेपवाल्या पायाला हातबी न्हाई लावला मी."

शिवांगीनं रडत रडत भुजंग सरांकडे पाहिलं. सर टेपचा उरलेला रोल खिशात कोंबत होते.



सकाळी सरावात शिवांगीचा उजवा पाय मुरगळला होता.