देवडोहाची राखण

धोंडू गुरवाने मूठभर मुरमुरे देवडोहात फेकले. पूर्वी पायरीशी खडस माशांची झुंबड उडायची. वर्षभर ते कमी कमी होत गेले आणि आज एकही आला नाही. खालून एक काळं, मिशाळ तोंड वर आलं आणि मुरमुरे गिळून गेलं.

"मांगूर! ही परदेशी अवदसा इथं कुणी सोडली?"

"मी," मागच्या पायरीवर उभे असलेले सरपंच अभिमानाने म्हणाले. "गेल्या वर्षी नातू झाला, नवस फेडला. डोहात जिवंत मासे सोडायचे, आणि बाजारात जिवंत मिळतात ते हेच. चांगले पिंपभर सोडले."

गुरवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक भोईवाड्यात गेला. डोहात गळ टाकला म्हणून ज्या लखू भोयाला त्याने भर गावात माफी मागायला लावली होती, त्याच्याच दारात उभा राहून तो म्हणाला, "लखू, जाळं घे. पाप माझ्या माथी."

जाळं वर आलं ते नुसत्या मांगुरांनी वळवळत. खडसाचं पिल्लूसुद्धा नव्हतं. पायऱ्यांवर गाव जमला होता.

"परत सोड!" सरपंच ओरडले. "देवडोहातला मासा मारायचा नाही, हे तूच आम्हाला शिकवलंस ना?" बायकांनी तर जाळ्याला हात जोडले.

गुरवाने मुरमुऱ्यांची परडी सरपंचांच्या हातात कोंबली.

"मग यांना आता तुम्हीच चारा. मी ज्यांना चारत होतो, ते यांच्या पोटात गेलेत."