सतरा तरटं

दिनकररावांनी नेहमीसारखी ओसरीवर आपल्या तरटासमोर सतरा तरटं अंथरली आणि पहाटे साडेपाचाला त्यातल्या एकावर माणूस आला. सिताराम पोस्टमन. तो एकटाच येण्याचा आजचा हा नववा दिवस.

सोनपेठच्या शाळेतून निवृत्त झालेले दिनकरराव गुरुजी घरीच योगासनं शिकवत, आणि तीही फुकट. घरात दुसरं कोणी नव्हतं. सकाळचा तो तास सोडला तर दिवसभर त्यांच्या दारात चिटपाखरू फिरकत नसे, आणि आता तो तासही ओस पडला होता. कारण एवढंच, की चार महिन्यांपूर्वी बौद्ध वस्तीतला सिताराम वर्गात आला, तेव्हा गुरुजींनी त्याला पहिल्या रांगेत, अगदी आपल्यासमोर बसवलं. चार महिने कुजबुज चालली. मग तात्यारावांनी स्पष्टच सांगितलं, ह्याला मागं बसवा, न्हाईतर आमी निघालो.

"श्वासाला जात नसते, तात्याराव," गुरुजी म्हणाले होते. सोळा जण उठून गेले.

हे वाक्य गुरुजींना स्वतःलाच फार आवडलं होतं. गेले आठ दिवस ते भाकरी थापतानासुद्धा मनात घोळवत होते. एकट्या माणसाला तेवढाच आधार.

"पाय लांब करा. श्वास सोडत सावकाश वाका. ताणायचं नाही, कपाळ गुडघ्याकडे जाईल तेवढंच," ते समोरच्या एका माणसाला म्हणाले, पण सवयीनं आवाज सतरा जणांचा लागला.

सिताराम वाकला. तेवढ्यात पायरीखाली खोकल्याचा आवाज आला. अंगावर घोंगडी घेतलेले तात्याराव उभे होते. वर चढले नाहीत.

"गुरुजी, गुडघ्यानं बेजार केलंय बघा. तुमच्याकडं यायलो होतो तवर बरा होता."

"मग या की. तुमचं तरट अंथरलेलंच आहे."

"येतो. सगळेच येतेत उद्यापासून. फकस्त ह्याला मागच्या रांगंत बसवा. जा म्हणून कुठं म्हणायलोय आमी?"

गुरुजींनी रिकाम्या तरटांवरून नजर फिरवली. एवढं एक 'बरं' म्हटलं, की उद्या ओसरी भरणार होती. खोकणं, हसणं, कुणाच्या म्हशीची चौकशी, सगळं परत येणार होतं.

"श्वासाला जात नसते, तात्याराव," ते म्हणाले.

"मग बसा दोघंच," असं म्हणून तात्याराव लंगडत निघून गेले.

गुरुजींचा ऊर अभिमानानं भरून आला. सितारामनं सगळं ऐकलं असणार. आता तो काहीतरी म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. सिताराम वाकलेलाच होता.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा ना."

"माझी पाठ बरोबर हाय का?"

"छान आहे. छान जमतंय तुम्हाला."

"कंबर लय दुखायलीय. दोन-तीन महिने झाले. पहिल्यांदा वाटलं, सायकलीनं दुखत आसंल." सिताराम मान खाली घालूनच बोलत होता. "तात्यारावांची कंबर तुमी हातानं धरून वाकवायचे. बन्सीधरशेटला खांदा धरून दावायचे. माझ्याकडं कधी आले न्हाईत. म्हणलं, आपलं बरोबरच आसंल. मग दुखायला लागलं."

गुरुजींनी तोंड उघडलं. ते आवडतं वाक्य काही आलं नाही.

चार महिन्यांतला एखादा तरी दिवस आठवेल म्हणून ते शोधू लागले. सोळा जणांपैकी कुणाचा मणका कुठे अडतो, हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. सितारामची पाठ त्यांना ठाऊकच नव्हती. त्याला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं, 'वा' म्हणाले होते, 'शाबास' म्हणाले होते. सगळं लांबून. तात्यारावांनी निदान तोंडावर तरी सांगितलं होतं. गुरुजींना स्वतःची इतकी लाज वाटली, की क्षणभर सिताराम उठून निघून जावा असंही वाटलं.

पण तो बसलेला होता, वाट बघत.

गुरुजी उठून त्याच्यामागे बसले. त्यांनी हात पुढे केला आणि तो बनियनपासून चार बोटांवर थांबला. किळस नव्हती, राग नव्हता. साठ वर्षांची सवय होती. हात आपला आहे, हे त्यांना हाताला सांगावं लागलं.

मग त्यांनी तळवा टेकवला. पाठ घामानं ओली होती आणि वर कमानीसारखी फुगली होती. कंबर जागची हललेलीच नव्हती. पहिल्या दिवसापासून चूक होती. कंबरेच्या हाडावर हात ठेवून त्यांनी हलकेच पुढे रेटलं.

"इथून वाका. पाठीतून नाही, इथून."

सिताराम वाकला आणि त्याचं कपाळ गुडघ्याला लागलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"आता दुखतंय?"

"न्हाई," तो गुडघ्यातच बोलला. "सोपं हाय की."

सरळ बसून त्यानं तोंड पुसलं आणि खाकी सदरा चढवला. टपालाची गाडी यायची वेळ झाली होती.

"सिताराम, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलणार, गुरुजी? रोज वाटायचं, आज येतेल हिकडं."

सायकल बोळातून दिसेनाशी झाली. उद्या येणार का, हे विचारायला गुरुजींना तोंड नव्हतं. ते तरटं गोळा करायला लागले. आधी स्वतःचं उचललं, मग सितारामचं. मध्ये अवघ्या दोन पावलांचं अंतर होतं.