मागची बाजू

मामाने बोटीवरून आणलेली विलायती बँडची कॅसेट कोणीतरी चोरून लावत होतं. विमला ती पुढची बाजू लावून ठेवायची आणि दर वेळी टेपमध्ये ती उलटलेली सापडायची. पुढचं एक गाणं अख्ख्या मांडवीला पाठ होतं. मागची गाणी खुद्द विमलानेही ऐकली नव्हती. आता संशयापायी तिने ती सगळी ऐकून काढली.

"बाबा, माझ्या कॅसेटला कोण हात लावतं?"

"त्या बबलगमला? चघळायचं नि थुंकायचं. त्याला कोण हात लावतोय!" भजनाची पेटी पुसता पुसता गंगारामबुवा म्हणाले.

गणपतीत डबलबारी झाली, दोन बुवांचा समोरासमोर भजनाचा सामना. बुवांच्या नव्या गजरावर मंडप डोलला. विमलाच्या मात्र भुवया चढल्या. शब्द विठ्ठलाचे, पण चाल मागच्या बाजूच्या दुसऱ्या गाण्याची!

"चाल कुठची हो, बुवा?" समोरून चिपळूणच्या भागोजीबुवांनी विचारलं.

"देवाने सुचवली."

भागोजीबुवा गालातल्या गालात हसले आणि त्यांनी आपला गजर सुरू केला. चाल मागच्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याची.

घरात पाऊल टाकताच बाबांनी विमलाला हटकलं, "खरं सांग, आपली कॅसेट त्या भागोजीकडे गेलीच कशी?"