उसातलं माहेर

हौसाबाईंच्या उसाची तोड सुरू होणार, तेवढ्यात आतून बिबटी बोलली. वनखात्याने बिबट्यांच्या गळ्यात बोलके पट्टे घातल्यापासून त्यांची गुरगुर शुद्ध मराठीत ऐकू येई.

"कोयते थांबवा. मला दिवस गेलेत. पहिलीच खेप आहे."

मुकादम भिवसेन ट्रॅक्टरच्या टपावर चढला. हौसाबाई बांधावरच उभ्या राहिल्या.

"अगं, मग जंगलात जा की, माहेरी!"

"जंगल माझ्या आजीने पाहिलं होतं. मी तुमच्याच उसात जन्मले."

हौसाबाईंच्या समोर वर्षभराचं पीक उभं होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, हे आयुष्यभर गावाला त्यांनीच सुनावलं होतं.

"डोहाळे कसले लागलेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्या शेळीचे."

"ते सोडून बोल!" म्हणत त्या टपाकडे वळल्या. "भिवसेन, टोळी परत ने. लेक माहेरी आलीय."

"अक्का, ऊस वाळंल की!"

"वाळू दे. तू आता बारशालाच ये."

संध्याकाळी हौसाबाईंनी बांधावर खण-नारळ ठेवून लेकीची ओटी भरली. मग शेळी घरात घेतली आणि आतून कडी लावली.