मिंगाचा संगणक

"पुन्हा अडकला," यादिरा म्हणाली आणि तिने संगणकाच्या खोक्यावर चापट मारली.

"मारू नका हो त्याला," नुबियाबाई म्हणाल्या. "म्हातारा झालाय, हट्टी नाही."

सान रोसेन्दोच्या बायकांच्या तुरुंगात, कचेरीतल्या या एकाच संगणकात दोनशे सहा कैदी बायकांच्या नोंदी होत्या. शिवणघरात, बेकरीत, वर्गात कोणी किती दिवस काम केलं, त्याच्या. दोन दिवस काम केलं की शिक्षेतला एक दिवस कमी व्हायचा. पण फेब्रुवारीपासून ती यादी उघडतच नव्हती. विकतची जुनी सिस्टिम बंद पडत होती आणि नवी या यंत्राला पेलत नव्हती. राजधानीतून माणूस मागवला, तर तो म्हणाला, ऑगस्टात बघू.

शेवटी तुरुंगाधिकारी ओविदियोसाहेबांनी नुबियाबाईंना विचारलं. बाईंनी अकरा वर्षं शाळेत संगणक शिकवला होता, आता तुरुंगातला वर्ग घेत होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत.

"हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले होते. "म्हणून यादिरा तुमच्या शेजारी बसेल. ती उठली की तुम्हीही उठायचं."

"बरं साहेब."

"आणि सिस्टिम फुकट मिळते म्हणता. मग गोम कशात आहे?"

"गोम नाही. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलीय. तुमच्या गावी मिंगा असतो ना? सगळे फावडी घेऊन येतात आणि रस्ता करून देतात. तसंच."

"मिंगात जेवण असतं, बाई. इथे कोण घालणार?"

"यादिरा," बाई म्हणाल्या, आणि साहेबांना हसू आलं.

यादिरा ही पहाऱ्यावरची शिपाई. तिने भावाच्या दुकानातून ती सिस्टिम पेनड्राइव्हवर भरून आणली होती. येताना कागदात गुंडाळून खरोखरच चार एम्पानाडाही, म्हणजे तिखट सारणाच्या करंज्या, आणल्या.

बाईंनी आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. मग दुसऱ्या डिस्कवरही. यादिरा कंटाळली.

"एकदा झालं ना? पुन्हा कशाला?"

"पुसल्यावर रडण्यापेक्षा आधी कंटाळलेलं बरं."

"हीच ती यादी ना? उघडून बघा की नीट आलीय का."

"नको. आकार जुळतोय, तेवढं पुरे. साहेब उघडतील."

"काय बाई तुम्ही! फाइल काय चावणार आहे?"

बाईंनी डिस्क काढून बाजूला ठेवली. त्यांनी संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला. अजून काही पुसलं नव्हतं; नवी सिस्टिम नुसती चालवून बघायची होती. पडदा उजळला. माउस हलला, प्रिंटर ओळखला गेला. बाईंनी कळफलकावर डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश 'न' दाबून पाहिला. तो नसता तर तुरुंगातल्या निम्म्या आडनावांचं वाटोळं झालं असतं.

मग पडद्यावर प्रश्न आला: डिस्क पूर्ण पुसायची का? बाईंचं बोट तिथेच थांबलं.

"घाबरता काय? मशीनच तर आहे."

"दोनशे सहा बायकांचे दिवस आहेत यात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

त्रेसष्ट टक्क्यांवर वीज गेली.

यादिराने छातीवर क्रूस काढला आणि ती फ्यूज बघायला उठली. बाईही उठल्या, सांगितल्याप्रमाणे. दोघी अंधाऱ्या बोळात उभ्या राहिल्या. खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, नुसते ढग. बाईंनी पाढा पाठ करावा तसं पुटपुटत पुढच्या पायऱ्या मोजल्या. पाऊण तासाने वीज आली.

"आता काय?"

"आता पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा वीज टिकली. दुपारी सव्वातीनला संगणक पेनड्राइव्हशिवाय, स्वतःच्या जोरावर सुरू झाला. यादिराने टाळ्या वाजवल्या. बाईंनी फायली परत आत घेतल्या आणि साहेबांना बोलावलं.

"पासवर्ड तुम्ही घाला," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तशाच उभ्या राहून त्यांनी पुढचं सांगितलं. "आता यादीवर दोनदा क्लिक करा."

आठ सेकंदांत यादी उघडली. साहेब स्वतःशीच काहीतरी म्हणाले.

"सगळ्या आहेत?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"दोनशे सहा. सगळ्या."

"मग वर शेवटचा रकाना आहे, मुदत भरल्याचा. त्यावरून निवडा आणि छापा."

प्रिंटर कुरकुरला आणि एक कागद बाहेर आला. साहेबांनी चष्मा लावला.

"सात जणी. यादिरा, मी वाचतो तशी लिहून घे, सगळ्यांना आजच सांगायचंय. पाओला मुन्योस, शिवणघर. एल्वा इनाम्पुएस, बेकरी."

यादिरा लिहीत होती आणि प्रत्येक नावाला मान डोलवत होती. बेकरीतल्या एल्वाला नातू झाला होता. ती तर नाचेलच, असं यादिरा म्हणाली. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं नाव झालं. बाई अजून भिंतीकडेच बघत उभ्या होत्या.

सातव्या नावाशी साहेब थांबले. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि बाईंसाठी पहिल्यांदाच ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"बाई, इकडे वळा," ते म्हणाले. "तुमची शिक्षा सव्वीस दिवसांपूर्वीच संपलीय."